कैतान शेठचा संगमरवरी गोठा

वसईकडच्या एका गावात नाताळगोठ्यांची, म्हणजे गोठ्यातल्या येशूजन्माच्या देखाव्यांची, स्पर्धा होती, आणि बक्षीस आपलंच, हे कैतान शेठनं गृहीतच धरलं होतं. बंगल्याच्या अंगणात त्यानं संगमरवरी गोठा उभारला होता. बाळ येशूभोवती भेटवस्तूंच्या चकचकीत खोक्यांचा ढीग होता, आणि फाटकाला कुलूप घालून रखवालदारही बसवला होता.

परीक्षक होत्या आग्नेस टीचर. शेठनं लहानपणी त्यांच्याच छड्या खाल्लेल्या.

"टीचर, काही कमी वाटलं तर सांगा," शेठ मिशीत हसत म्हणाला. "लगेच मागवतो."

टीचर रखवालदाराकडे वळल्या. "काय रे बाबा, एखादा परगावचा सुतार दिवस भरलेल्या बायकोला घेऊन आला आणि रात्रीपुरता आसरा मागू लागला, तर आत सोडशील?"

"नाही बाई. अनोळखी माणसाला आत घ्यायचं नाही, शेठचा हुकूम आहे."

"मग कैतान, गोठ्याचं बक्षीस तुला कसं देऊ?" टीचर हसल्या. "जागा नाही म्हणून येशूच्या आईबापांना त्या रात्री जिथून परत पाठवलं, ती धर्मशाळा बांधलीस तू. अगदी हुबेहूब बांधलीस हो."

शेठनं एकदा गोठ्याकडे पाहिलं, एकदा फाटकाकडे. मग रखवालदाराला हळूच म्हणाला, "ते कुलूप काढ आधी."