दगडोबाची पाठ

समुद्र काचेच्या पेटीत राहायला आला, त्यानंतरची ही गोष्ट. त्या पेटीत एक म्हातारा दगड होता. पेटीची देखभाल करणाऱ्या नंदाताईंनी मऊ प्रवाळाचा, म्हणजे एका समुद्रजीवाचा, बोटभर जिवंत तुकडा तिथे रुजावा म्हणून गम लावून त्याच्या पाठीवर चिकटवला. भेदरलेल्या तुकड्याच्या अंगाला बुळबुळ सुटली नि तो घसरला. मग ताईंनी त्याला दोऱ्याने करकचून बांधलं. दोरा अंगात रुतू लागला.

“दगडोबा, तुम्हीच धरा ना मला!” तुकडा कळवळला.

“मला हात कुठले, बाळा? पण मी इथून हलायचा नाही.”

ते रुतणं दिसताच ताईंनी हळहळत दोरा कापला आणि तुकडा संथ पाण्यात, दगडाच्या खोबणीत नुसता टेकवला.

पंधरा दिवसांनी पंपाची जोरदार लाट आली. तुकडा डोलला, पण सुटला नाही.

“दगडोबा, धरलंत मला?”

“नाही रे,” दगड हळूच म्हणाला, “तूच मला धरलंयस.”