तळं कुणाचं?

एका राज्यात भानुकेत नावाचा राजा होता. माणूस वाईट नव्हता हो, पण पडला राजा. 'मी' म्हणायचं तिथे 'आम्ही' म्हणे. राजधानीत तळं एकच. एकदा एक तहानलेली चेटकीण काठाशी वाकली, तसा राजा म्हणाला, "तळं आमचं आहे. विचारल्यावाचून ओंजळ बुडवू नये."

"तुमचं? मग तुमचंच राहो!" चेटकीण म्हणाली, आणि तळ्याचं पाणी दगड झालं.

विहिरी आटल्या. गुरं हंबरून हंबरून गप्प झाली. राजाची एकुलती एक लेक चंपकमाला, तिचेही ओठ फुटले, जीभ टाळूला चिकटली. राजाचा जीव तिळतिळ तुटू लागला.

तेव्हा एक साळुंकी बोलली, "राजा, सात डोंगरांपलीकडे नागाच्या धनात तीन मोती आहेत. एकेक या दगडावर ठेव आणि तळं कुणाचं ते सांग. खरं बोललास तर पाणी होईल."

राजा गेला. नाग म्हणाला, "ने. पण जो मोती वाया जाईल, तो तुझं काहीतरी प्रिय घेऊन जाईल."

"कबूल," राजा म्हणाला. बाप दुसरं काय म्हणणार?

परतून त्यानं पहिला मोती दगडावर ठेवला. जित्याची खोड मेल्याशिवाय जात नाही म्हणतात! तोंडून निघालं, "तळं आमचं आहे." मोत्याची राख झाली, आणि राजाचा लाडका घोडा उभ्याउभ्या कोसळला.

राजा खजील झाला. तीन दिवस विचार करून त्यानं दुसरा मोती ठेवला, हात जोडले. "तळं प्रजेचं आहे. आमचं त्यात काही नाही."

पुन्हा राख. राजानं विचारलं, "आता काय गेलं?"

"लेकीचं आयुष्य," साळुंकी म्हणाली. "दिवस मावळेपर्यंत उरलं आहे."

"आम्ही तर सारं देऊन टाकलं!"

"तुला तहान नाही? तुझ्या लेकीला नाही? स्वतःला वगळलंस, तेही खोटंच."

राजा महालात धावला. चंपकमालेनं डोळे उघडले. "बाबा, आपल्या तळ्याला पाणी कधी येणार?"

आपल्या! घरोघरी बोलला जाणारा साधा शब्द, पण राजाच्या तोंडी कधी आला नव्हता. त्यानं लेकीला उचललं, काठावर नेलं, शेवटचा मोती ठेवला आणि रडत म्हणाला, "तळं आपलं आहे."

दगडाला पाझर फुटला. बघता बघता तळं भरलं. राजानं ओंजळ लेकीच्या ओठांना लावली, पण पाणी ओठांवरून ओघळून गेलं. दिवस मावळला होता.

काठावर सारी नगरी उभी होती. तहानेनं व्याकूळ, तरी कोणी पाण्याला हात लावेना.

"प्या," राजा म्हणाला. "आपलं आहे."

एक म्हातारी कुंभारीण पुढे आली, चंपकमालेच्या पायाशी बसली. "पाणी आपलं, तर लेकही आपलीच होती, महाराज."

शाप सुटला. लोक प्याले, गुरं प्याली, राजाही प्याला. पण माणूस गेलेल्या घरी त्या दिवशी चूल पेटवत नाहीत. आणि त्या सांजेला अख्ख्या राज्यात एकही चूल पेटली नाही.