डावीकडची जागा

"पण चाचा, पाणी जातं तरी कुठं?"

दिगंबरनं हे तिसऱ्यांदा विचारलं. गनीचाचा बशीतला चहा फुंकत होते, ते फुंकतच राहिले.

चिपळूणच्या नाक्यापलीकडं चाचांचं पत्र्याचं गॅरेज. दिगंबर तिथं नऊ वर्षं राबला, हात काळे करून शिकला. मग कंपनीचं ट्रेनिंग घेऊन आला आणि हायवेला स्वतःचं चकाचक वर्कशॉप टाकलं. लॅपटॉप आला, तपासणीची मशिनं आली, पायात लोखंडी टोकाचे बूट आले. चाचांची पायरी मात्र दोन वर्षांत चढला नव्हता. आज चढला, कारण अडला होता.

गाडी त्याची स्वतःचीच. रोज तांब्याभर कूलंटचं पाणी पीत होती आणि खाली जमिनीवर एक थेंब नाही. गेल्या आठवड्यात तर कुंभार्ली घाटाच्या पायथ्यालाच तापमानाचा काटा लालला भिडला.

आणि उद्या सकाळी तोच घाट चढायचा होता. बायकोला, सारिकाला, सातवा सरत आलेला. परवा आठवा लागतो, आणि आठव्यात पोटुशीला प्रवास करू देत नाहीत. म्हणजे माहेरी न्यायची तर उद्याच. पाटणहून सासूबाईंचे सकाळपासून चार फोन झाले होते. शेवटच्या फोनला म्हणाल्या, "नाहीतर भाड्याची जीप करा हो जावईबापू."

मेस्त्रीची बायको, आणि भाड्याच्या जीपनं माहेरी! दिगंबरच्या जिवाला ते फार झोंबलं होतं. एका जागी उभं राहवेना. किल्ली या बोटातून त्या बोटात फिरत होती.

"रेडिएटर बघितलास?" चाचांनी बशी खाली ठेवली.

"नवा टाकलाय. टोपण नवं, पाइप नवे, वॉटर पंप नवा. प्रेशर देतो तेव्हा मीटरचा काटा हळूहळू उतरतो, पण गळती कुठं दिसत नाही. आता एकच उरलं चाचा. हेड गॅस्केट. इंजिनच्या आतच पाणी जात असणार. आत्ता जातो आणि हेड उतरवतो."

"इंजिनचं तेल दुधासारखं झालंय?"

"नाही."

"सायलेन्सरातून पांढरा धूर?"

"नाही."

"मग हेड कशाला?"

"बाकी काही उरलंच नाही म्हणून!"

चाचा हसले. "पोट दुखत नाही, दात दुखत नाही, म्हणून डोकं फोडायचं होय रे?"

 मनातून दिगंबरला ठाऊक होतं, हेड एकदा उतरलं की उद्याचं जाणं धरून चालता येणार नव्हतं. खरं म्हणजे तो विचारायला आलाच नव्हता. चाचांनी 'हो' म्हणावं आणि चुकलं तर ते दोघांचं चुकावं, एवढ्यासाठी आला होता.

चाचा उठले, गुडघ्यावर हात देत गाडीपाशी गेले. सारिका आत बसून होती, डावीकडच्या सीटवर. पाय सुजलेले, म्हणून चपला काढून पुढं लांब केलेले.

"बॉनेट उघडू?" दिगंबर धावला.

"नको."

"मग बघणार काय?"

"तू कुठं बसतोस गाडीत?"

"हे काय विचारणं झालं? स्टेअरिंगवर."

"रोज?"

"चाचा, गाडी माझी आहे!"

चाचांनी आपली लाकडी खुर्ची सावलीत ओढली. "बेटी, जरा इकडं येऊन बसतेस?" सारिका सावकाश उतरली. मग चाचा दिगंबरकडं वळले. "आता तू बस. तिच्या जागेवर."

"आत्ता? मला वेळ..."

"बस."

तो बसला. गाडी त्याची, पण इथून ती परक्याची वाटली. हात कुठं ठेवावेत कळेना.

"बूट काढ."

"चाचा, थट्टा करताय का?"

"मोजेही."

काढले.

"पाय लांब कर. ती करते तसे."

त्यानं केले. रबरी मॅट संपली, तिच्या पुढं टाचा गालिच्यावर टेकल्या... आणि तो दचकला.

गालिचा ओला होता. ओला आणि चिकट.

तो खाली वाकला, बोटं फिरवली. बोटांना हिरवट ओल लागली. नाकाशी नेली. काकवीसारखा गोडसर वास.



"हीटर," दिगंबर पुटपुटला. "डॅशबोर्डामागं हीटरची जाळी फुटलीय. तिथून आत गळतंय... पण चाचा, हीटर मी जन्मात कधी लावला नाही! चिपळुणात कोण लावतं?"

"तू लावत नाहीस. पाणी त्यातून फिरायचं थांबतं काय?"

खुर्चीतून सारिका म्हणाली, "मी सांगितलं होतं."

दिगंबर ओली बोटं रुमालाला पुसू लागला.

"पंधरा दिवस झाले सांगतेय, पायाला चिकट लागतं म्हणून. हे म्हणाले, तुझी बाटली सांडली असेल. परत सांगितलं तर म्हणाले, एसीचं पाणी आहे."

"एसी कधी लावला होतास रे?" चाचांनी विचारलं.

 थंडीचे दिवस होते. दिवाळीपासून एसीच्या बटणाला बोट लागलं नव्हतं.

"आणि काच," सारिका म्हणाली. "आतून सारखी धुरकटते. ओढणीनं पुसते मी. पुसली तरी तेलकटच राहते."

चाचा गाडीच्या दाराशी टेकून उभे राहिले. "इंजिन निवलं की हीटरचे दोन्ही पाइप काढून एकमेकांना जोडून टाक. हीटरची वाटच बंद. मग पाणी भर, हवा काढ, तासभर फिरवून काट्यावर नजर ठेव. उद्या घाट चढेल. जाळी सावकाश बदल."

"अर्ध्या तासाचं काम!" दिगंबरला हसू येत होतं आणि रडूही. "आणि मी हेड उतरवायला निघालो होतो... चाचा, वर्कशॉपातली सगळी मशिनं लावून झाली. एक राहिलं नाही."

असं म्हणत तो घाईघाईनं बुटांकडं वाकला. हातोहात पाना घ्यावा, काम उरकावं, असं त्याला झालं होतं.

चाचांनी बूट आधीच उचलले होते. ते त्यांनी नेऊन फळीवर ठेवले, जुन्या टायरांच्या वर, हात पुरणार नाही इतके उंच.

"चाचा... बूट?"

"इंजिन गरम आहे अजून. तोवर तिच्याजवळ बस, आणि विचार... आणखी काय काय सांगून झालंय तिचं."