जीपवरचे पत्रे

दौलतरावांनी सुनेसाठी परसात पक्कं स्वयंपाकघर बांधायला काढलं, तेव्हा गावभर मिरवून झालं. ओटा झाला, चुली बसल्या. पण वरच्या छपरासाठी आणलेले पत्रे गेले त्यांच्या नव्या जीपवर.

"उन्हानं गाडीचा रंग उडतो," ते सुनेला म्हणाले. "रांधायला असा किती वेळ लागतो? छप्पर कशाला हवं?"

सून रत्नप्रभा तशीच उघड्या ओट्यावर रांधू लागली. पण वैशाखाचं ऊन डोक्यावर आणि जाळ तोंडावर घेत रोज भाकऱ्या थापताना तिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

मग एके दिवशी सासऱ्यांनी नवा ओटा दाखवायला चार पाहुणे जेवायला बोलावले. भर दुपारी तिनं सगळ्यांचे पाट ओट्याशेजारी, रणरणत्या उन्हातच मांडले.

"इथं? डोकं फिरलंय का तुझं?" दौलतराव ओरडले.

"रांधायला वेळ लागत नाही, तर जेवायला असा किती लागणार, मामंजी? छप्पर कशाला हवं?"

पाहुण्यांनी हसू लपवायला तोंडाला उपरणी लावली. दौलतराव चरफडत पाटावर टेकले. दोन घासांत लालबुंद झाले, घामानं निथळले.

"अगं, सोसवत नाही हे ऊन!"

रत्नप्रभानं त्यांच्या ताटात भाकरी आदळली.

"बसा की! रंग उडायला तुम्ही काय जीप आहात?"