कुलगुरू परदेशातून शिकून आले

एका गावात एक विद्यापीठ होतं आणि त्या विद्यापीठात एक भोळे कुलगुरू होते. गावाचं नाव भेंडापूर, कुलगुरूंचं नाव विश्वंभरराव खरपुडे. भोळा माणूस कुलगुरू कसा झाला ते मला विचारू नका. ज्यांनी केला त्यांना विचारा.

माणूस तसा वाईट नव्हता. कुणाचा पैसा खाल्ला नाही, कुणावर ओरडला नाही. खोड एकच. कुणी काही सांगितलं की शब्दाला शब्द तसंच करायचं. शाळेत पहिला नंबर, कॉलेजात पहिला नंबर. गुरुजी सांगतात ते जसंच्या तसं उतरवलं की पहिला नंबर येतोच. डोकं कधी वापरायला लागलंच नाही, त्यामुळं ते अगदी नव्यासारखं राहिलं होतं.

एकदा सरकारनं ठरवलं की कुलगुरूंना परदेशात पाठवायचं. का, तर डिजिटल नवोपक्रम आणि उद्योगांशी सहकार्य शिकायला. म्हणजे कॉम्प्युटरवर कामं कशी उरकायची आणि कारखान्यांशी सोयरीक कशी जुळवायची. देशाचं नाव मी सांगत नाही. त्या बिचाऱ्यांचा काही दोष नाही.

तिथं दूध थंड ठेवायची यंत्रं करणारी एक कंपनी होती. तिनं कळवलं होतं, आम्ही तुमच्यातल्या एका विद्यापीठाशी करार करू, त्यांच्या पोरांना काम शिकवू आणि नोकरीला घेऊ. आता भेंडापुरात दूध आहे, पोरं आहेत, फक्त नोकऱ्या नाहीत. कुलगुरूंची मुलगी मुक्ता इंजिनियर होऊन घरात बसली होती. तिचा अख्खा वर्ग आपापल्या घरात बसला होता.

कुलगुरूंची बायको भामाबाई. बाई तोंडानं फटकळ. बॅग भरताना तिनं बजावलं, "तो करार घेऊनच या. पोरगी रोज भिंतीकडं बघत बसते."

"आणतो," कुलगुरू म्हणाले. "अजून काही?"

"आणि परक्या मुलखात कुणी आपलं काम केलं तर त्याचा मान ठेवा. तसंच पुढं जाऊ नका."

कुलगुरूंनी बॅगेतले कपडे काढले आणि शाली-नारळ भरले. विद्यापीठात त्यांची तीच सवय. नळ दुरुस्त करणाऱ्यालाही शाल मिळते. नळ गळतच राहतो.

विमान उतरलं. खिडकीतल्या साहेबानं पासपोर्टावर शिक्का मारला. काम केलं म्हटल्यावर मान ठेवायला नको? कुलगुरूंनी खिडकीतून हात घालून त्याच्या गळ्यात शाल टाकली, हातात नारळ दिला आणि फोटोसाठी तोंड वळवून उभे राहिले. साहेबानं आयुष्यात नारळ बघितला नव्हता. केसाळ गोळा, हलवला तर आत पाणी वाजतं. त्यानं घंटा दाबली. चार पोलीस आले, एक कुत्रं आलं. कुलगुरूंनी पोलिसांनाही शाली घातल्या, कारण धावत आले बिचारे. कुत्र्यालाही घातली.

बाकीचे कुलगुरू बसमध्ये ताटकळत बसले. त्यात शेजारच्या विद्यापीठाचे कुलगुरू ढवळसर होते. चलाख माणूस. ते बाकीच्यांना सांगत होते, "मी यांना फारसा ओळखत नाही."

जेवण झाल्यावर भामाबाईंचा व्हिडिओ कॉल आला. सगळं ऐकून ती म्हणाली, "अहो, दिसेल त्याला शाल घालतात का? आधी माणसाची चौकशी करायची. नाव काय, गाव कुठलं, घरी कोण कोण, काम कसं चाललंय. मग पुढचं."

"बरं," कुलगुरू म्हणाले. "आता तसं करतो."

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना तिथल्या विद्यापीठात नेलं. तिथं कॉफी आणायला माणूस नव्हता, यंत्र होतं. कमरेएवढं, खाली चाकं, डोक्यावर ट्रे. ते सरळ कुलगुरूंच्या पुढ्यात येऊन थांबलं.

"नमस्कार," कुलगुरू म्हणाले. "नाव काय आपलं?"

यंत्र गप्प.

"गाव कुठलं? घरी कोण कोण असतं?"

यंत्रानं लाल दिवा लावला. ढवळसर कानाशी येऊन म्हणाले, "अहो खरपुडे, ते यंत्र आहे."

"असू दे. लाजाळू दिसतंय. जरा वेळ द्या त्याला."

कुलगुरूंनी वेळ दिला. पलीकडच्या खोलीत दोन मोठे प्रोफेसर परीक्षा कॉम्प्युटरवर कशा घ्यायच्या ते सगळं सगळं समजावून गेले. कुलगुरू यंत्राची वाट अडवून उभे. मागच्यांची कॉफी गार झाली.

भामाबाईंनी फोनवर कपाळाला हात लावला. "यंत्राशी गप्पा मारतात का? यंत्राकडून काम झालं की त्याचं बटण बंद करायचं आणि बाजूला व्हायचं. उगाच वीज जळते."

"हे बरं सांगितलंस," कुलगुरू म्हणाले.

बरं कसलं. दुसऱ्या दिवशी एका तरुण मास्तरानं त्यांना एक गार खोली दाखवली. आत कपाटं, कपाटांत दिवे लुकलुकतायत. मास्तर म्हणाला, "आमच्या सगळ्या विद्यापीठाचं कामकाज या खोलीतून चालतं. हजेऱ्या, निकाल, परीक्षा, सगळं." मग त्यानं सगळ्यांचे आभार मानले. आभार मानले म्हणजे काम झालं. कुलगुरूंनी भिंतीवरचा मोठा तांबडा खटका शोधला, खाली ओढला आणि बाजूला झाले.

सगळीकडं गुडुप. वर पोरांची परीक्षा चालली होती, तीही गुडुप. पोरं बाहेर आली. काहींनी टाळ्या वाजवल्या. पोरं कुठल्याही देशाची असोत, परीक्षा बुडाली की सारखीच. तो तरुण मास्तर मात्र खाली बसला आणि त्याला पाणी द्यावं लागलं.

"वीज वाचली," कुलगुरू त्याला म्हणाले.

त्या दिवशी भामाबाईंचा आवाज शेजारच्या घरापर्यंत गेला. "चाललेल्या कामात कशाला हात घालता? आता तिथं काहीही दिसो, काहीही होवो, हात लावायचा नाही. लांब उभं राहायचं, हात मागं बांधायचे आणि नुसतं बघायचं. कळलं?"

"काहीही होवो?"

"काहीही होवो."

मग तो कंपनीचा दिवस आला. मुक्तानं इकडं देवापुढं दिवा लावला होता. तिकडं कंपनीची मालकीण हेल्गाबाई, साठीची, धिप्पाड, पाहुण्यांना घ्यायला स्वतः पायऱ्यांवर आली. पायऱ्यांवर बर्फ. बाईंचा पाय सरकला आणि बाई घसरत घसरत थेट कुलगुरूंच्या पायाशी. सगळे धावले. ढवळसर तर टोपी पडली तरी धावले. कुलगुरू दोन पावलं मागं सरकले, हात पाठीशी बांधले आणि बघू लागले.

हेल्गाबाईंनी खालून विचारलं, "तुम्ही काय करताय?"

"बघतोय," कुलगुरू अदबीनं म्हणाले. "काळजी करू नका. मी हात लावणार नाही."

हे घरी कळलं तेव्हा भामाबाईनं फोन आधी डोक्यावर मारून घेतला. मग म्हणाली, "तिच्याच हातात करार आहे हो आपल्या पोरीचा. पडणाऱ्याला धरायचं असतं. झेप घालून धरायचं. आणि एकदा धरलं की सोडायचं नाही."

"सोडायचं नाही," कुलगुरूंनी पुन्हा म्हणून पाठ केलं.

दुसऱ्या दिवशी कंपनीनं त्यांना आपली यंत्रं तपासायची जागा दाखवली. तिथं दूध मोजायचं एक छोटं यंत्र उंच फळीवर ठेवतात आणि मुद्दाम खाली पाडतात. फुटतं की टिकतं ते बघायला. सगळे श्वास रोखून उभे. माणसानं कळ दाबली, यंत्र सुटलं, आणि कुलगुरूंनी झेप घातली. पोटावर आपटले, चष्मा गेला, पण यंत्र झेललं.

"धरलं," ते म्हणाले.

कामगार म्हणाले, द्या. कुलगुरू देईनात. पोटाशी धरून जेवायला बसले, काखेत घालून बसमध्ये चढले. कामगार बसच्या मागं पळत होते. कुलगुरूंनी त्यांना हात केला. एकच, कारण दुसऱ्यात यंत्र होतं.

"अहो, ते काखेत काय आहे?" भामाबाईंनी फोनवर विचारलं.

"पडत होतं. धरलंय. तू म्हणालीस सोडायचं नाही."

"देवा. दुसऱ्याची वस्तू आहे ती, चोर म्हणतील ना. ऐका आता. दुसऱ्याची वस्तू हातात आली की घटकाभरही ठेवायची नाही. स्वच्छ पुसायची, ज्याची त्याला द्यायची आणि माफी मागायची. तो जागेवर नसला तर शेजारी असेल त्याच्याकडं द्यायची. शेजारी बघून घेतो पुढचं. हे तरी नीट करा."

आणि त्यांनी ते नीट केलं. सकाळी यंत्र पुसून लख्ख केलं, हेल्गाबाईंना दिलं, माफी मागितली. काय सांगू, बाई विरघळली. म्हणाली, "माणूस विचित्र आहे. पण माझ्या यंत्रासाठी असं अंग कुणी टाकलं नव्हतं. करार याच्याशीच करायचा."

ढवळसरांचं तोंड एवढंसं झालं. सगळ्यांना मोठ्या टेबलाशी बसवलं. त्या देशात करार कागदावर नसतो, पाटीएवढ्या काचेच्या टॅबवर असतो. बोटानं सही करायची की झालं. हेल्गाबाईंनी त्यावर आपली सही केली. खाली विद्यापीठाचं नाव आणि कुलगुरूंची सही, एवढी जागा मोकळी ठेवली. करारात लिहिलं होतं, शेवटच्या वर्गातल्या पोरांना कंपनी काम शिकवील आणि त्यातल्या काहींना नोकरीला घेईल. टॅब त्यांनी कुलगुरूंच्या हातात दिला.

कुलगुरूंनी तो बघितला. दुसऱ्याची वस्तू. रुमाल काढला, काच पुसली, टॅब परत दिला. "माफ करा," ते म्हणाले.

हेल्गाबाई चमकली. तिला वाटलं, एवढ्यावर हा माणूस खूश नाही. तिनं करारात वाढवलं, गावात कारखान्याची शाखा काढू. टॅब पुन्हा दिला.

कुलगुरूंनी पुसला. परत दिला. "माफ करा."

बाईंच्या कपाळावर घाम आला. एवढा खमका माणूस तिनं धंद्यात बघितला नव्हता. तिनं आणखी वाढवलं, शिकलेल्या प्रत्येक पोराला त्याच शाखेत कायमची नोकरी. बाकीचे कुलगुरू आ वासून बघत होते. म्हणत होते, या खरपुड्यांना आपण उगाच भोळे समजत होतो.

"हे शेवटचं," हेल्गाबाई म्हणाली. "नीट वाचा. तोवर मी माझ्या भावाला फोन करून येते, त्याला विचारल्याशिवाय एवढं द्यायची माझी रीत नाही. पण मी दिलं." टॅब कुलगुरूंच्या हातात ठेवून ती बाहेर गेली.

चार दिवसांनी कुलगुरू घरी आले. ओट्यावर मुक्ताचा अख्खा वर्ग जमला होता. भामाबाईंनी पाण्याचा तांब्या पुढं केला, पण हातातून सोडला नाही.

"करार कुठाय?"

कुलगुरूंनी झालेलं सगळं सांगितलं. पहिल्यांदा परत दिला ते सांगितलं. भामाबाई पायरीवर टेकली. दुसऱ्यांदा परत दिला ते सांगितलं. शाखा, कायमच्या नोकऱ्या, सगळं सांगितलं. पोरांनी एकमेकांकडं बघितलं.

"आणि तिसऱ्यांदा?" मुक्तानं हळूच विचारलं. "तिसऱ्यांदा तर त्या बाई बाहेर गेल्या होत्या, आप्पा. टॅब तुमच्याच हातात होता."

"तीच तर पंचाईत झाली," कुलगुरू म्हणाले. "ज्याची वस्तू ती जागेवर नाही. मग मी तुझ्या आईनं सांगितलं तसं केलं. शेजारी बसले होते त्यांच्याकडं दिली."

"शेजारी कोण होतं?" भामाबाईंनी विचारलं.

"ढवळसर. फार भला माणूस गं. मी पुसून दिला, त्यांनी लगेच नाव घालून सही केली. म्हणाले, पुढचं मी बघून घेतो."

भामाबाईंनी तांब्यातलं पाणी अंगणात भिरकावलं. "दिवसरात्र तुम्हाला शिकवून माझी जीभ झिजली. आता त्या ढवळ्याच्या दारात जाऊन बसा, जा."

हे रागात बोलली ती. दुसरं काय बोलणार.

हेल्गाबाईंची सही टॅबवर आधीच होती, त्यामुळं करार झाला तो ढवळसरांच्या विद्यापीठाशी, आणि शाखाही त्यांच्याच गावात निघणार होती. त्याच रात्री मुक्तानं आणि तिच्या वर्गानं तिकडं नाव घालायचं ठरवलं. फी भरून वर्ष पुन्हा करावं लागणार होतं, पण करतात काय. दुसऱ्या दिवशी पोरं सकाळच्या एसटीनं निघाली. विद्यापीठाच्या मोठ्या फाटकाशी उतरली, तर फाटकाच्या कडेला चादर अंथरून कुलगुरू बसलेले. शेजारी पाण्याची बाटली, डब्यात शेंगदाणे. मुक्ताला वाटलं होतं, ते घरी झोपलेत. इकडं भेंडापुरात एव्हाना त्यांना शोधायला पोलीस लागले होते आणि भामाबाई विहिरी बघत हिंडत होती.

"आप्पा," मुक्ता म्हणाली, "तुम्ही इथं काय करताय?"

"बसलोय," कुलगुरू म्हणाले. "तुझ्या आईनं बसायला सांगितलं. उठायचं कधी, ते तेवढं सांगायची राहिली."