उरलेलं अर्धं मिनिट

एका गावात दोन तालमी होत्या आणि दोन्ही तालमींना वेड एकच, फुटबॉलचं. कुस्तीसाठी बांधलेल्या तालमींना चेंडूचा नाद कधी लागला, हे आता कुणालाच सांगता येत नाही. लागला तो मात्र असा, की गावाचे सरळ दोन भाग झाले. एक वरच्या तालमीचा, एक खालच्या तालमीचा. मुलीला स्थळ बघतानासुद्धा आधी तालीम विचारायची आणि मग पत्रिका, इतकी मजल गेली होती.

दरवर्षी दोन्ही तालमींत चषकाचा सामना होई. जिंकेल त्याचा चषक. बरोबरी झाली, तर गेल्या वर्षी ज्याच्याकडे होता त्याच्याकडेच तो राहायचा. खालच्या तालमीने नऊ वर्षं चषक आपल्या कोनाड्यात ठेवला होता. वरच्या तालमीत मिसरूड फुटलेल्या पोरांनी तो जवळून पाहिलासुद्धा नव्हता.

या सामन्याचा पंच होता केरबा. तो नगरपालिकेत चावीवाला होता. गल्लोगल्ली फिरून नळाचं पाणी सोडायचं आणि वेळ झाली की बंद करायचं, हे त्याचं काम. प्रत्येक गल्लीला पाऊण तास. त्याच्या स्वतःच्या गल्लीलाही पाऊणच तास, वर थेंब नाही. यावरून त्याची बायको त्याच्याशी भांडायची, आणि खरं सांगायचं तर तिचं फारसं चुकत नव्हतं. हंडे काही तत्त्वांनी भरत नाहीत.

केरबा जन्माने वरच्या तालमीचा. त्याचा धाकटा भाऊ शिवाप्पा तर वरच्या तालमीचा गोलकीपर. तरीही पंच म्हणून केरबाचं नाव सुचवलं होतं ते खालच्या तालमीने. दुसरा कुणी असला तर आम्ही मैदानात उतरणार नाही, असं त्यांनी निरोपात कळवलं होतं. शत्रूने आपल्या घरचा माणूस न्यायाला बसवावा, असं भाग्य किती जणांच्या वाट्याला येतं?

केरबाची एक पद्धत होती. खेळ थांबला की वेळ वाया जातो. कुणी पडतो, कुणी चेंडू मुद्दाम लांब भिरकावतो. तो वेळ शेवटी जादा खेळवायचा असतो. केरबाचा आपल्या आठवणीवर भरवसा नव्हता. सामन्याला येताना तो उजव्या खिशात मूठभर चिंचोके घेऊन यायचा. अर्धं मिनिट वाया गेलं की एक चिंचोका डाव्या खिशात. शेवटी डावा खिसा मोजायचा आणि तेवढा वेळ पुढे खेळवायचा. लोक हसायचे, पण आजवर त्याच्या वेळेबद्दल कुणी ब्र काढला नव्हता.

त्या वर्षी सामना चांगलाच रंगला. भिंतींवर, झाडांवर, पाण्याच्या टाकीवर माणसं बसली होती. शेवटची वीस मिनिटं उरली असताना वरच्या तालमीने गोल केला. नऊ वर्षांनी चषक हाताच्या अंतरावर आला. आणि मग वरच्या तालमीला वेळ काढायची दुर्बुद्धी सुचली. धट्टीकट्टी पोरं वाऱ्याच्या झुळकीने पडू लागली. एकाला एकदम दोन्ही पायांत गोळे आले. शिवाप्पाने तर बुटाची नाडी तीनदा सोडली आणि तीनदा बांधली. केरबाने सख्ख्या भावाकडे नुसतं पाहिलं आणि एक चिंचोका डाव्या खिशात टाकला.

नव्वद मिनिटं झाली. केरबाने डाव्या खिशात हात घातला. सहा चिंचोके निघाले. त्याने तीन बोटं वर करून तीन मिनिटं जाहीर केली. ती तीन मिनिटं खालच्या तालमीने जीव तोडून खेळून काढली, पण गोल काही झाला नाही. चेंडू रेघेबाहेर गेला. तो आत टाकायची पाळी खालच्या तालमीची होती. तेवढ्यात वेळ संपली आणि केरबाने लांब शिट्टी दिली.

काय सांगावं तो जल्लोष! गुलालाने आभाळ लाल झालं. म्हातारी माणसं लहान मुलांसारखी रडली. वरच्या तालमीचे वस्ताद दौलतराव, ज्यांना कुणी कधी हसतानाही पाहिलं नव्हतं, ते मातीत फतकल मारून बसले आणि ढसाढसा रडू लागले. केरबालाही भरून आलं. तोही माणूसच होता, आणि वरच्या तालमीचाच होता.

डोळे पुसत तो मैदानाबाहेर निघाला. शिट्टी ठेवायला त्याने डाव्या खिशात हात घातला आणि त्याच्या बोटांना काहीतरी लागलं. खिशाच्या शिवणीत एक चिंचोका अडकला होता. सातवा.

केरबा जागच्या जागी थांबला. समोर हातभर अंतरावर चुन्याची रेघ होती. गावाचा नियम असा, की पंच रेघ ओलांडेपर्यंत सामना त्याच्या हातात. एक पाऊल पुढे टाकलं असतं, तर सगळं मिटलं असतं. चषक वरच्या तालमीचा, आनंद वरच्या तालमीचा, आणि कुणाला कधी कळलंही नसतं.

वस्तादांनी त्याला थांबलेलं पाहिलं. त्यांची नजर त्याच्या तळहातावर गेली. ते काय ते समजले. अख्खी जिंदगी त्यांनी डाव ओळखण्यात घालवली होती. ते जवळ आले आणि हळूच म्हणाले, "केरबा, खिशातलं खिशातच ऱ्हाऊ दे. कुणी बघितलं न्हाई."

केरबा म्हणाला, "मी बघितलंय, वस्ताद."

तो वळला. मैदानाच्या मध्यभागी गेला आणि त्याने पुन्हा शिट्टी फुंकली. आधी कुणाला ऐकूच गेली नाही. त्याने तिसऱ्यांदा, चौथ्यांदा फुंकली. हळूहळू ढोल थांबले. केरबाने तो चिंचोका दोन बोटांत धरून हात उंच केला. एवढ्या लांबून तो कुणाला दिसणार? पण सगळ्यांना कळलं.

"माझी मोजणी चुकली," तो मोठ्याने म्हणाला. "अर्धं मिनिट ऱ्हायलंय."

हे ऐकून खालच्या तालमीचा कप्तान महिपतीसुद्धा चक्रावला. त्याने तर बूट काढून हातात घेतले होते. अर्ध्या मिनिटात काय होणार आहे, उगाच कशाला जिवावर उदार होतोस, असं तो केरबाला समजावू लागला. केरबाने त्याला बूट घालायला सांगितलं.

मग त्या मैदानावर जे अर्धं मिनिट खेळलं गेलं, तसं त्या गावाने पुन्हा पाहिलं नाही. गुलालाने माखलेले खेळाडू जागेवर आले. हजारो माणसं बसली होती, पण आवाज म्हणून नव्हता. चेंडू हातावर बसल्याचा आवाजही ऐकू आला. खालच्या तालमीच्या पोराने तो आत टाकला. महिपतीने छातीवर घेतला. वरच्या तालमीचा एकही गडी पडला नाही, एकानेही चेंडू उगाच भिरकावला नाही. पडायची त्यांना लाज वाटली. महिपतीने दोघांना चुकवलं आणि फटका मारला. शिवाप्पा उजवीकडे झेपावला. चेंडू त्याच्या बोटांना चाटून जाळीत गेला.

केरबाने घड्याळ पाहिलं. अजून सहा सेकंद होते. ते झाल्यावर त्याने शिट्टी दिली. बरोबरी. चषक खालच्या तालमीकडेच राहिला.

मग वरच्या तालमीची माणसं भिंतींवरून उड्या टाकून धावली. केरबा मध्ये आणि भोवती शे-दोनशे माणसं. कुणी त्याला घरभेदी म्हणालं, कुणी त्याचा बाप काढला. एकाने त्याची गळपट्टी धरली. केरबा पळाला नाही.

गर्दी सारत शिवाप्पा आत शिरला. गोल खाल्लेला गोलकीपर आणि पंचाचा भाऊ. तो आता काय करतो, याकडे सगळ्यांचे डोळे लागले. त्याने गळपट्टीवरचा तो हात शांतपणे काढला आणि भावाच्या पुढे उभा राहिला.

"ते अर्धं मिनिट मी चोरलं हुतं," तो म्हणाला. "नाडी सुटली नव्हती माझी. आण्णानं नुसतं ज्याचं त्याला परत दिलं. मारायचं असंल तर मला मारा."

कुणी हात उचलला नाही. इतक्या माणसांचा राग एका वाक्यात उतरतो, हे मी सांगतोय म्हणून खरं मानू नका, पण त्या दिवशी तो उतरला. सगळ्यांत आधी वस्ताद दौलतराव बाजूला झाले. मग एकेक जण सरकत गेला. मैदानाच्या मध्यापासून दारापर्यंत सरळ वाट तयार झाली. दोघे भाऊ त्या वाटेने निघाले तेव्हा वरच्या तालमीची माणसं उभी होती आणि खालच्या तालमीचीही. ना टाळी, ना शिवी. देवळात गाभाऱ्यासमोर आल्यावर माणसं जशी गप्प होतात, तशी ती गप्प झाली होती. चषक हाती असूनही महिपतीला मिरवणूक काढावीशी वाटली नाही.

दोघे घराच्या वाटेला लागले. मग शिवाप्पाने विचारलं, "आण्णा, परत शिट्टी मारताना भ्या न्हाई वाटलं?"

"वाटलं की," केरबा म्हणाला. चार पावलं तो तसाच चालला. मग म्हणाला, "पण मला वाटलं हुतं, तू पकडशील."

तात्पर्य: खऱ्या न्यायी माणसालाही आपली माणसं जिंकावीशी वाटतात. पण स्वतःच्या चुकीने आपल्याच माणसांचा फायदा होत असेल, तर ती चूक तो चारचौघांत कबूल करतो आणि ज्याचं त्याला देऊन मोकळा होतो.