वजरी आणि कोकमाचा गोळा

दगडधोंडेही बोलायचे, त्या काळची गोष्ट. कोकणातल्या अंबूवहिनींच्या मोरीवर पाय घासायची वजरी होती आणि वरच्या कोनाड्यात कोकमतेलाचा गोळा. थंडी पडली की वहिनींच्या टाचांना भेगा पडत. वजरी रोज जोर लावून घासायची. भेगा वाढायच्या, रक्त यायचं.

“दमले बाई,” शेवटी वजरी म्हणाली. “गोळेभाऊ, तुम्ही मात्र नुसते बसून!”

“थंडीत मी घट्ट होतो. कुणी ऊब दिली तर वितळेन ना,” गोळा पुटपुटला.

एका संध्याकाळी वहिनींना घासायचंही त्राण उरलं नाही. त्यांनी गोळा चुलीपाशी नेऊन वितळवला आणि तेल भेगांत भरलं.

टाच थकल्या आवाजात म्हणाली, “वजरीताई, मी मळलेली नव्हते गं. कोरडी पडले होते.”